रिसोडची शीग

मित्रांनो, मी एक जुनी पायली आहे. धान्य मोजायची, चार शेरांची. पण जुनी म्हटल्यावर कोपऱ्यात गप्प बसलेली एखादी म्हातारी डोळ्यांपुढे आणू नका. गप्प बसणं माझ्या जातीतच नाही. भरलं की रितं व्हायचं, रितं झालं की पुन्हा भरायचं, हाच माझा जन्म. पोट भरल्याचं सुख मला कधी दोन क्षणांहून जास्त मिळालं नाही. हल्ली लढाईमुळे रेशन आलं, दुकानात धान्य तराजूत तोलून मिळतं आणि मला घरात सरकी ठेवायला वापरतात. तरी अजून कुठे ज्वारीचं पोतं सुटल्याचा आवाज आला, की माझा जीव वरखाली होतो.

माझा जन्म रिसोडचा. तिथल्या एका लोहारानं जाड पत्रा वळवून, खिळे ठोकून मला घडवलं. मी उंचीनं बुटकी आणि तोंडानं रुंद झाले. आरशात पाहायची सोय नव्हती म्हणून बरं, नाहीतर मला वाईट वाटलं असतं. पण रुंद तोंडाचीच आमच्याकडे किंमत होती. का, ते सांगते.

मला विकत घेतलं नानाजी मापाऱ्यानं. रिसोडच्या बाजारात शेतकऱ्याचा माल व्यापाऱ्याला मोजून देणं हे त्याचं काम. तो एका गुडघ्यावर बसायचा, मला ढिगात खुपसायचा आणि मोजायला लागायचा. पहिल्या मापाला तो कधी ‘एक’ म्हणत नसे, ‘लाभ’ म्हणायचा. मग दोन, तीन, चार. मी काठोकाठ भरले तरी त्याचं समाधान होत नसे. तो वरून दोन्ही ओंजळींनी दाणे सोडायचा. दाणे घसरत घसरत माझ्या कडेपर्यंत यायचे आणि वर टोकदार ढीग उभा राहायचा. त्या ढिगाला शीग म्हणतात. तोंड जितकं रुंद तितकी शीग मोठी. माझी शीग म्हणजे जवळजवळ शेरभर धान्य. रिसोडात पायली म्हटली की ती शिगेचीच. सपाट पायली देणाऱ्याला लोक तोंडावर काही बोलत नसत, पण पाठीमागे नावं ठेवत. नानाजीच्या हाताखाली मी कितीतरी वर्षं काढली. ‘नानाजीची पायली हाये, पुन्हा मोजाची गरज नाई,’ असं लोक म्हणायचे, तेव्हा मला फार बरं वाटायचं. कौतुक कोणाला आवडत नाही?

नानाजीची मुलगी गोजराबाई. तिचं लग्न झालं, तेव्हा त्यानं नवी पायली घेतली आणि मला लेकीबरोबर दिलं. लेकीच्या घरी शीग असावी, एवढाच त्याचा विचार. गोजराबाईचं सासर रिसोडातच होतं. तिचा नवरा जगदेव आणि धाकटा दीर इंद्रभान, दोघंही बबनराव नावाच्या मोठ्या शेतकऱ्याकडे सालदार होते. सालदार म्हणजे पाडव्यापासून पाडव्यापर्यंत वर्षभर बांधलेला गडी. पगार रोख नाही. महिन्याच्या महिन्याला ठरलेल्या पायल्या ज्वारी, वर्षाला एक धोतर, बायकोला एक लुगडं. शिवाय राहायला मालकाच्या जागेत झोपडं, जाळायला तुराट्या आणि सकाळी लोटाभर ताक. हे ताक कोणी मजुरीत धरत नसे. तुराट्याही नाही. फुकट मिळणारी गोष्ट माणूस मोजतच नाही, मित्रांनो, आणि पुढे सगळा घोटाळा तिथेच झाला.

त्या दिवसांत अकोल्याला मोटारी नव्या नव्या धावू लागल्या होत्या. मालेगाव, मेडशी, पातूर करत धूळ उडवत त्या जायच्या आणि येताना अकोल्याच्या गप्पा भरून आणायच्या. तिथं म्हणे कापसातली सरकी काढायचे जिन रात्रंदिवस चालतात. दर आठवड्याला हातावर रोख रुपये पडतात. जगदेव या गप्पा ऐकायचा आणि त्याचा पाय घरात ठरेना. बैलाला वैरण टाकताना तो मधेच थांबून रस्त्याकडे पाहत राही. त्यानं बोटांवर हिशेब केला, की अकोल्यातल्या मजुरीत इथल्या दीडपट पायल्या ज्वारी येईल. हिशेब चुकीचा नव्हता. फक्त पायली शिगेची का सपाट, हे त्यानं विचारलं नाही. रिसोडच्या माणसाला ते विचारायचं सुचणारच कसं? सपाट पायलीनं कुणी घर चालवत असेल, हे त्याच्या कल्पनेतच नव्हतं.

पाडवा आला तसं त्यानं बबनरावाचं साल सोडलं. गोजराबाई त्याच्या मागोमाग निघाली आणि तिच्या बोचक्यात मी निघाले. नानाजीनं दिलेली वस्तू ती मागे ठेवणार नव्हती.

अकोल्याच्या आधी आम्ही वाशीमला थांबलो. तिथं जगदेवला एका धान्याच्या व्यापाऱ्याकडे रोखीचं काम मिळालं. रिसोडपेक्षा घर जरा बरं चाललंय असं पहिले काही दिवस वाटलं. मग गोजराबाई बाजारात ज्वारी घ्यायला गेली. दुकानदारानं पायली भरली, वर शीगही केली. पण द्यायच्या आधी तळव्यानं हलकेच थापली. अर्धी शीग खाली घसरून त्याच्याच पोत्यात गेली. घरी येऊन गोजराबाईनं ती ज्वारी माझ्यात ओतून पाहिली आणि बराच वेळ माझ्या काठाकडे बघत राहिली.

वाशीमला खोलीचं भाडं द्यावं लागे, ताक मात्र शेजारीण अजून फुकट देई. जगदेवला तेवढ्यावर चैन पडेना. निम्म्या वाटेत कशाला थांबायचं, असं त्याचं म्हणणं. पावसाळा संपताच आम्ही अकोल्याची मोटार धरली.

अकोला मला आवडलं नाही, असं मी म्हणणार नाही. एवढे दिवे, एवढी माणसं, आगगाडीच्या शिट्ट्या! माझ्यासारख्या चळवळ्या जिवाला ते गाव मानवायला हवं होतं. जगदेवला जिनात काम लागलं. आठवड्याला रुपये हातात आले की तो ते खुळखुळवत घरी यायचा. त्याची मान वर झाली होती. गोजराबाई मात्र रुपये घेऊन बाजारात गेली, की तोंड बारीक करून परत यायची. तिथले दुकानदार पायली भरत आणि तोंडावरून एक काठी फिरवत. खर्रकन. काठीच्या पुढे येईल ते सगळं त्यांचं. शीग हा शब्दच तिथे कोणी उच्चारत नसे. त्यावर खोलीचं भाडं, ते वाशीमच्या दुप्पट. लाकडं विकत, पाणी विकत, ताकसुद्धा विकत! ताक विकत घेताना गोजराबाईला आपण काहीतरी चोरटं काम करतोय असं वाटे. आणि जिन चालायचे कापूस यायचा तोवरच. उन्हाळ्यात ते बंद झाले की पावसाळाभर मिळेल ती हमाली.

मित्रांनो, मी तीन गावांची ज्वारी पोटात घेतलेली आहे. जसजसं गाव मोठं होत गेलं, तसतसे जगदेवच्या हातातले रुपये वाढत गेले आणि माझी शीग कमी होत गेली. एकाच घरची कमाई, पण रिसोडात ती एक दिसे आणि अकोल्यात दुसरीच. खरी कोणती, ते मलाही सांगता येईना, आणि ही रुखरुख मला रात्रंदिवस छळत राही.

अकोल्यात एक पावसाळा काढल्यावर पुढच्या पाडव्याला जगदेव बायकोला घेऊन रिसोडला आला. अंगात काळा कोट, हातात छत्री. गल्लीतली पोरं त्याच्या मागे. त्यानं सगळ्यांना रेवड्या वाटल्या आणि आठवड्याला किती रुपये मिळतात ते मोठ्यानं सांगितलं. आकडा खरा होता, पण भाड्याचं त्यानं सांगितलं नाही, लाकडांचं नाही, पावसाळ्याचंही नाही. इंद्रभान आ वासून ऐकत होता. दुपारी त्याला बबनरावाकडे जाऊन नव्या सालाला हो किंवा नाही सांगायचं होतं. नाही म्हटलं की त्याच्या जागी दुसरा गडी लागणार आणि मग वर्षभर परत फिरायला दार नाही. झोपडंही सोडावं लागणार. त्याची बायको रंगूबाई कडेवरचं लेकरू थोपटत दाराशी उभी होती. तिला विचारलं कोणी नव्हतं.

गोजराबाईच्या जिवाची तगमग मला जाणवत होती, कारण तिनं मला बोचक्यातून काढून मांडीवर घट्ट धरलं होतं. नवऱ्याचं बोलणं चारचौघांत खोडून काढायची आमच्याकडे रीत नाही. पण गप्प राहावं तर रंगूबाईच्या लेकराच्या तोंडचं ताक जाणार. शेवटी ती उठली आणि मला अंगणाच्या मधोमध ठेवलं. येताना तिनं अकोल्याहून ज्वारीचं एक गाठोडं आणलं होतं. जगदेवला वाटलं होतं, माहेरी द्यायला आणलं असेल. तिनं ते सोडलं आणि माझ्यात ओतायला लागली. ‘लाभ’ म्हणून तिनं मला भरलं, काठावरून हात फिरवला आणि सुपात रितं केलं. दुसऱ्यांदा ओतलं, तर दाणे अर्ध्यावर येऊन संपले.

इंद्रभान हसला. “वयनी, शीग तं भरा न.”

“शीग नसते तिथं, भाऊजी,” गोजराबाई खाली बघतच म्हणाली. “खोलीचं भाडं, लाकडं, पानी, सारं गेलं का आठवड्याचं हे एवढंच राह्यते, इथल्यापक्षा कमीच. तेबी जिन चालू हाये तोवर.”

सगळे माझ्या अर्ध्या पोटाकडे पाहत होते. मला इतकी लाज कधी वाटली नव्हती. नानाजीच्या हातची पायली मी, आणि भर पाडव्याला भर अंगणात अर्धी!

जगदेवचा चेहरा काळवंडला. तो ओरडला नाही, ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यानं छत्री मिटली आणि बायकोकडे पाहत सावकाश म्हणाला, “शीग देते मालक, खरं हाये. पर हाक कशी मारते, ते काहून नाई सांगतलं तू? इथं मी ‘अबे’ होतो. तिथं मुकादम मले जगदेव म्हणून बलावते.”

हेही खरं होतं, मित्रांनो. माझ्यात ज्वारी मावते, हाक मावत नाही. त्या दोघांपैकी कोणाच्या बाजूनं व्हावं, हे मला आजही ठरवता आलेलं नाही.

मग रंगूबाईनं लेकरू दुसऱ्या कडेवर घेतलं आणि पावसाळ्यात काम काय मिळतं, एवढंच विचारलं. जगदेवनं हमाली म्हणून सांगितलं. रोज मिळते का, असं तिनं पुन्हा विचारलं, तेव्हा तो छत्रीची मूठ पुसू लागला. इंद्रभान बराच वेळ नखानं माती उकरत बसला आणि मग उठून बबनरावाकडे गेला. परत आला तो साल कायम करूनच.

दुसऱ्या दिवशी सकाळी जगदेव मोटारीकडे निघाला. तो बायकोशी बोलत नव्हता. इथेच राहा असंही म्हणाला नाही आणि चल असंही नाही. गोजराबाईनं बोचकं बांधलं. मला तिनं हातात घेतलं, पदरानं पुसलं आणि रंगूबाईच्या हातात दिलं. “हे तुयापाशी ठेव. तिथं हिचं काम नाई.” मग ती मागे न पाहता नवऱ्याच्या मागोमाग गेली. माझा जीव तिच्याकडे धाव घेत होता, पण पायलीला पाय नसतात.

मी रंगूबाईच्या घरी राहिले. गोष्ट इथे संपली असती तर मी तुम्हाला सांगितलंही असतं, की बघा, गोजराबाईनं दिराचं घर कसं वाचवलं. पण पाडव्याची ती बातमी अंगणात राहिली नाही. सगळ्या गावानं ती हसत हसत ऐकली. अकोल्यात म्हणे शीगच नसते! बबनरावानंही ऐकली. आधी कसं होतं, की दर वर्षी एखादा गडी अकोल्याला पळायचा, आणि बबनराव मनातल्या मनात धास्तावलेला असायचा. आता कोणी कुठे जाणार नव्हतं.

महिना भरला आणि सालदार धान्य न्यायला त्याच्या खळ्यात जमले. इंद्रभान होता, बरोबर रंगूबाई होती, आणि ज्वारी घरी न्यायला आणलेल्या टोपलीत तिनं मलाही घातलं होतं. बबनरावानं स्वतः माप हातात घेतलं. तो काही दुष्ट माणूस नव्हता. पोराबाळांची चौकशी करी, आजाऱ्याला औषध देई. पहिली पायली त्यानं भरली, शीग चढली, आणि मग त्याचा हात सहज तिच्यावरून फिरला. दाणे पुन्हा ढिगात गेले. तो म्हणाला, यंदापासून सपाट मोजायचं, सगळीकडे तीच रीत आहे. कोणी ब्र काढला नाही. काढून जाणार कुठे? इंद्रभाननं मान खाली घातली.

रंगूबाईनं मला टोपलीतून काढलं आणि ढिगाजवळ ठेवलं. डोक्यावरचा पदर नीट केला. मोठ्या माणसापुढे ती आयुष्यात पहिल्यांदा बोलत होती.

“मालक, ह्या मापानं मोजा. शीग भरा. नाईतं उद्या सकाळच्या मोटारीनं आमी अकोल्याले जातो. तिथं माही जाऊ हाये. ते आमाले घरात घेईन.”

बबनरावानं तिला अकोल्याची ज्वारी आठवून दिली. तिथं तरी कुठे शीग आहे, असं तो म्हणाला.

“नाई,” रंगूबाई म्हणाली. “पर जर सपाटच खाचं हाये, तं इथं ‘अबे’ आयकत कायले खाचं?”

तिला अकोल्याला जायचं नव्हतं, मित्रांनो. मला पक्कं ठाऊक आहे, कारण झोपडीच्या मेढीला, म्हणजे मधल्या खांबाला, धरून बसणारी ती बाई होती. बबनरावानं हो जा म्हटलं असतं, तर झोपडं गेलं असतं, साल गेलं असतं आणि लेकराला घेऊन ती खरोखरच रस्त्यावर आली असती. पण पेरणीआधीची मशागत उरकायची होती आणि या दिवसांत नवा गडी मिळणार नव्हता. बबनरावानं तिच्याकडे पाहिलं, मग इतर गड्यांकडे पाहिलं. तेही आता मान वर करून उभे होते. मग त्यानं मला उचललं, ढिगात खुपसलं आणि वर ओंजळीनं दाणे सोडले. दाणे घसरत कडेपर्यंत आले आणि शीग उभी राहिली. त्या दिवशी सगळ्याच सालदारांना शीग मिळाली. पुढच्या महिन्यातही मिळाली, आणि त्यानंतरही.

आता मला तुमच्याकडे एक मागणं आहे. कोणी गावी येऊन शहरातली कमाई सांगितली, तर नुसता आकडा ऐकू नका. तिथं पायली कशी भरतात, तेही विचारा. कोणी गावच्या शिगेचं कौतुक केलं, तर ती भरणारा हात हाक कशी मारतो, हेही विचारा. आणि जे घर सोडून दूर गेले, त्यांना हसू नका. रंगूबाई बबनरावापुढे उभी राहिली, ती अकोल्यात तिची जाऊ होती म्हणून. भाड्याच्या खोलीत, विकतच्या पाण्यावर, सपाट पायलीनं घर चालवणारी गोजराबाई तिथं टिकून होती, म्हणूनच रिसोडच्या सालदारांची शीग टिकली. त्या शिगेतले मूठभर दाणे तिचे होते. पण तिला हे कोणी कळवलं नाही. ती अजून अकोल्यातच आहे, आणि पाडव्याला आपण नवऱ्याला चारचौघांत खाली पाहायला लावलं, एवढंच तिच्या मनाला लागून राहिलं आहे.